आधी बोला, मग दाबा: केळीच्या फोटोवरचे ठिपके आणि माझी तिसरी-चौथी

शिक्षण परिषदेत मागे मी एक फोटो दाखवला होता, केळीच्या बागेचा, त्यावर ठिपके होते आणि ठिपका दाबला की काहीतरी उघडत होतं. तेव्हापासून बऱ्याच जणींनी विचारलं की मॅडम हे कशात केलं, आम्हाला पण सांगा. फोनवर दर वेळी अर्धंच सांगून होतं म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. लांब होईल, पण अर्धवट सांगितलं तर करणारीचा वेळ जातो.

आधी माझी परिस्थिती. शाळा जिल्हा परिषदेची, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडं, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं एकाच खोलीत. पोरं काही घरी अहिराणी बोलणारी, काही पावरा समाजाची, ती घरी पावरी बोलतात, आणि पुस्तक प्रमाण मराठीत. हे सांगायचं कारण असं की पोरांना माहिती भरपूर असते, केळीच्या बाबतीत तर माझ्यापेक्षा जास्त असते, पण ती पुस्तकातल्या भाषेत नसते, त्यामुळं वर्गात ती बाहेरच येत नाही. मी विचारते "चित्रात काय काय दिसतं?" आणि पोरं एकेक शब्द टाकतात, झाड, माणूस, बैल, संपलं.

टीव्ही आमच्याकडं ग्रामपंचायतीच्या निधीतून आलेला आहे, टच नाही, साधा मोठा टीव्ही. दीक्षा ॲप २०१७ ला आलं, मग बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, ते स्कॅन करून व्हिडिओ दाखवायचो, अजूनही दाखवते, त्यातले काही खरंच चांगले आहेत. अडचण अशी की व्हिडिओ पुढं पळतो. एखाद्या पोराला मधेच काही सुचलं, तोंड उघडेपर्यंत दुसरंच सुरू झालेलं असतं, आणि मग तो गप्प. मी थांबवलं तरी किती वेळा थांबवणार. मला असं काहीतरी पाहिजे होतं की जे पोरं पुढं नेतील तेव्हाच पुढं जाईल, आणि नाही नेलं तर तिथंच उभं राहील. फोटो उभा राहतो. फक्त त्या फोटोच्या आत जाता आलं पाहिजे.

मग शोधाशोध सुरू झाली. पहिलं हाताला लागलं ते थिंगलिंक, फोटोवर असे ठिपके लावायची वेबसाइट, फिनलंडची आहे, शिकायला फार सोपी, फोटो टाकायचा, पाहिजे तिथं क्लिक करायचं, मजकूर लिहायचा, झालं. फुकटच्या खात्याला मर्यादा आहेत आणि मुख्य म्हणजे सगळं ऑनलाइन. आमच्या शाळेत नेट लिंबाखालच्या ओट्यावर येतं आणि खोलीत जाईपर्यंत जातं. मोबाईलचं हॉटस्पॉट देऊन चालवायला गेलं की ठिपका दाबल्यावर गोल फिरत बसतो, आणि तेवढ्यात तिसरीवाली पोरं खिडकीतून बाहेर बघायला लागतात, त्यांचं बरोबरच आहे. ज्यांच्याकडं नेट चांगलं आहे त्यांनी थिंगलिंक जरूर वापरून बघा, त्यात ३६० अंशाचे फोटो पण लावता येतात.

माझं काम झालं ते एच-फाइव्ह-पी मधे. हे असं दाबून उघडणारं साहित्य तयार करायचं साधन, नॉर्वेत सुरू झालेलं, ओपन सोर्स आहे, म्हणजे पैसे नाहीत. त्याच्यासाठी लुमी नावाचं एक सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकता येतं. एकदाच घरी चांगल्या नेटवर बसून ते डाउनलोड करायचं आणि त्यातले पाहिजे ते प्रकार उतरवून घ्यायचे, नंतर नेटची गरज नाही. त्यात इमेज हॉटस्पॉट्स नावाचा प्रकार आहे तोच आपला. फोटो टाकला, ज्या जागी ठिपका पाहिजे तिथं क्लिक केलं, की त्या ठिपक्यात मजकूर, दुसरा फोटो, व्हिडिओ, आवाज, यातलं काहीही ठेवता येतं. ठिपक्याचा रंग बदलता येतो, अधिकचं चिन्ह असतं ते काढून प्रश्नचिन्ह ठेवता येतं. मी सगळीकडं प्रश्नचिन्हच ठेवते, त्याचं कारण पुढं येईल. सगळं झालं की लुमीत एकच एचटीएमएल फाइल करून घ्यायची सोय आहे, ती पेन ड्राइव्हवर घ्या, कोणत्याही लॅपटॉपच्या ब्राउझरमधे उघडते. टीव्हीच्या स्वतःच्या ब्राउझरमधे उघडायच्या भानगडीत पडू नका, लॅपटॉपला एचडीएमआय वायर लावायची आणि टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरायचा. पोरांच्या हातात वायरलेस माउस.

ज्यांना हे पण नको त्यांनी पॉवरपॉइंटमधे करा. फोटोवर एक गोल काढायचा, त्याला लिंक द्यायची ती त्याच फाइलमधल्या दुसऱ्या स्लाइडची, आणि त्या स्लाइडवर परत यायचं बटण. एक गोष्ट मात्र नक्की करा, स्लाइड शोच्या सेटिंगमधे किऑस्कचा पर्याय आहे तो निवडा. नाहीतर पोरगं ठिपक्याच्या बाजूला कुठंतरी क्लिक करतं आणि स्लाइड पुढं निघून जाते, सगळी गंमत उघडी पडते. किऑस्कमधे फक्त लिंक चालतात, बाकी कुठंही दाबा काही होत नाही.

फोटोचं थोडं. मोबाईलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, असे आठ-दहा घातले की फाइल जड होते आणि शाळेचा जुना लॅपटॉप दमतो. फुल एचडी टीव्हीची रुंदीच १९२० पिक्सेल आहे, त्याच्यापेक्षा मोठा फोटो ठेवून उपयोग नाही, म्हणून आधी लहान करून घ्या. फोटो आडवाच काढायचा. आणि माणसं दिसत असतील तर विचारून काढायचा, दाखवून काढायचा. आमच्याकडं बागेत कापणी चालू असताना मजूर उघड्या अंगानं काम करतात, त्यांना असं वर्गात दाखवलेलं आवडेल का हे विचारल्याशिवाय मी एकही फोटो लावत नाही. पोरांचेच बाप-काका असतात ते.

आता वर्गातलं.

पहिला फोटो मी मुद्दाम केळीचा घेतला. तिसरीचं परिसर अभ्यासचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं आहे, आमच्याकडं जळगाव जिल्ह्याचं, आणि जळगाव म्हणलं की केळी. जळगावच्या केळीला २०१६ मधे भौगोलिक मानांकन मिळालंय, रावेर, यावल आणि आमचा चोपडा हा सगळा पट्टा केळीचा. पोरांच्या घरी एकतर बाग आहे नाहीतर घरातलं कुणीतरी बागेत कामाला जातं. नेटवर तयार इंटरॲक्टिव्ह चित्रं ढिगानं मिळतात, शेत म्हणून टाकलं की लाल रंगाचं लाकडी गोदाम, काळी-पांढरी गाय आणि गव्हाचं पिवळं शेत येतं. ते आमच्या पोरांनी कधी बघितलेलं नाही, त्याच्यावर ती बोलणार काय. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवल्या, पोरं जिथं गुरं चारतात तिथंच शाळा नेली, आजूबाजूच्या बिया, दगड, पानं हेच साहित्य. डीएडला आपण सगळ्यांनी हे वाचलेलं असतं. माझ्या मते टीव्हीवर काय लावायचं याला पण तोच नियम लागतो.

फोटोत एक पूर्ण झाड, घड लागलेलं, खाली केळफूल लोंबतंय, बुडाशी दोन पिलं, म्हणजे बाजूला फुटलेली नवीन रोपं, ठिबकची नळी आणि मागं बाग. ठिपके मोजकेच. बुंध्यावर एक, घडावर एक, केळफुलावर एक, पिलांवर एक आणि नळीवर एक. जास्त ठेवता येतात पण जास्त ठेवले की पोरं फोटो बघतच नाहीत, नुसते ठिपके संपवतात. माउस हातात आला की टिचक टिचक सगळं उघडून टाकायचं आणि "झालं मॅडम" म्हणायचं, ही प्रत्येक वर्गात होणारी गोष्ट आहे, त्यात पोरांचा काही दोष नाही, दाबल्यावर काहीतरी उघडतं म्हणल्यावर कुणीही दाबेल.

म्हणून आमच्या वर्गात एक नियम आहे, फळ्याच्या वर लिहूनच ठेवलाय. आधी बोला, मग दाबा. ठिपका कुठला उघडायचा ते ज्याच्या हातात माउस आहे त्यानं ठरवायचं, पण उघडायच्या आधी तीन जणांनी बोलायचं की आत काय असेल, आणि तिघांनी वेगवेगळं बोलायचं, आधीच्याचंच परत चालणार नाही. ठिपक्यावर प्रश्नचिन्ह ठेवते ते याचसाठी. आणि कोणत्याही भाषेत बोललं तरी चालेल. मी जे काही सांगणार आहे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, बाकी सॉफ्टवेअर कुठलंही घ्या.

बुंध्यावरचा ठिपका घेतला. प्रश्नचिन्ह. मी विचारलं, हाई काय शे? सगळ्यांनी एकदम सांगितलं, खोड. पुस्तकात झाडाचे भाग असतात, मूळ, खोड, पान, फूल, फळ, त्यामुळं हे उत्तर अगदी तयार असतं. म्हणलं ठीक, एक झालं, अजून दोघांनी वेगळं सांगायचंय. आता आली पंचाईत, खोडाला खोडाशिवाय काय म्हणणार. बराच वेळ कुणीच बोललं नाही, माउसवाला पोरगा माझ्याकडं बघतोय दाबू का म्हणून. मी नाही म्हणलं. मग मागून एक पोरगी, जी एरवी हजेरीलासुद्धा हळू बोलते, ती म्हणाली, "मन्हा बाप केळी कापाले जास. मधमा पानेच ऱ्हातस." म्हणजे आत पानंच असतात. सगळे हसले. तिनं हातानं करून दाखवलं, एक सोपट, म्हणजे बुंध्याचा एक थर, काढलं की आत दुसरं, ते काढलं की अजून आत. हसणं थांबलं, कारण सोपटं सगळ्यांनी बघितलेली होती, सोपटाच्या दोरीनं काहीतरी बांधलेलं पण होतं, फक्त ही गोष्ट शाळेत सांगायची असते हे कुणाला वाटलेलं नव्हतं. तिसरा म्हणाला, आत पाणी असतं, कापल्यावर डाग पडतो तो कपड्यावरून निघत नाही.

मग दाबलं. आत मी आडव्या कापाचा फोटो ठेवला होता, एकात एक गोल गोल थर आणि थरांमधे जाळीसारखी भोकं. खाली दोनच ओळी: हे एकावर एक गुंडाळलेले पानांचे तळ आहेत, केळीचं खरं खोड जमिनीखाली असतं, त्याला कंद म्हणतात. पोरगी खाली बसली नाही, उभीच राहून फोटो बघत होती.

दुसऱ्या दिवशी पोरं खरोखरचा तुकडा घेऊन आली, घड कापल्यावर बाग मालक बुंधा तसाही तोडून टाकतात. आम्ही वर्गात तो थर थर सोलला. मधे एक पांढरा टणक दांडा निघाला, तो घडाचा दांडा, खालच्या कंदातून निघून सगळ्या सोपटांच्या मधून वर येतो. हे मला शब्दांत सांगून कधी जमलं नसतं. मग चौथीच्या पोरांनी विचारलं, मॅडम मग पिलं कुठून येतात? कंदातून. म्हणजे बी नाही लागत? आपल्या खायच्या केळीत उगवणारं बी नसतंच, म्हणून एकतर पिलं लावायची, नाहीतर आता बरेच जण टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आणतात. "पिलबाग!" असं दोघं-तिघं एकदम म्हणाले, हा शब्द त्यांच्या घरात रोज असतो, पहिली बाग कापली की पिलांवर दुसरी घेतात ती पिलबाग. मी तो शब्द तसाच पिलांच्या ठिपक्यात टाकला.

केळफुलाच्या ठिपक्यावर पण असंच रंगलं. घड पुरेसा निसवला, म्हणजे बाहेर आला, की शेतकरी टोकाचं केळफूल तोडून टाकतात. का तोडतात यावर पोरांची तीन वेगवेगळी कारणं, एकानं सांगितलं भाजी करायला, एकानं सांगितलं घड जड होतो म्हणून, आणि एकानं सांगितलं केळी जाड व्हायला. तिसरं कारण शेतकऱ्याच्या मनातलं, भाजी पण खोटी नाही.

पुढं मग याच केळफुलासाठी एच-फाइव्ह-पी मधला आगामोटो नावाचा प्रकार वापरला. त्यात एकाच जागेवरून काढलेले फोटो क्रमानं लावायचे आणि खाली एक पट्टी असते ती सरकवली की एका फोटोतून दुसरा उमलत जातो. एका पोराच्या बागेत एक झाड ठरवलं, बांधावर एक दगड ठेवला, त्या दगडावर उभं राहूनच आठवड्यातून एकदा फोटो काढायचा. पाकळी उचलली गेली, फणी दिसली, पुढची फणी, केळी वर वळली. फूल निसवल्यापासून कापणीला साधारण तीन महिने लागतात, तेवढं धीरानं करावं लागतं. पण पट्टी मागं-पुढं सरकवता येते ना, पोरं ती मागं नेतात, "केळी खाली होती, वर कधी वळली?" असं शोधत बसतात. व्हिडिओत हे होत नाही, सरकवणारा हात पोराचा पाहिजे.

त्यातलाच तिसरा प्रकार, इमेज जक्स्टापोझिशन, नाव अवघड आहे पण काम सोपं. दोन फोटो एकावर एक आणि मधे एक उभी रेघ, रेघ डावी-उजवीकडं ओढली की एक झाकतो दुसरा उघडतो. तापीकाठच्या शाळेतल्या एका मैत्रिणीनं मला पुलावरून मे महिन्यातला फोटो काढून दिला आणि मग त्याच जागेवरून पावसाळ्यातला. उन्हाळ्यात खडक, वाळू, मधे एक पाण्याची धार. पावसाळ्यात काठापासून काठापर्यंत गढूळ पाणी. पोरांना आधी उन्हाळ्याचा दाखवला आणि कागदावर रेघ मारायला सांगितली की पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येईल. सगळ्यांनी आपापली रेघ मारली, मगच दुसरा फोटो उघडला.

तिथून जो प्रश्न निघाला तो मला फार आवडला. पोरगं म्हणालं, मॅडम त्या दिवशी आपल्याकडं तर पाऊसच नव्हता, मग पूर कसा? आता तापी उगम पावते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात मुलताईला, आणि विदर्भातून येणारी पूर्णा तिला चांगदेवला मिळते. तिकडं पाऊस झाला की पाणी हतनूर धरणात येतं, आणि मग बातमी येते की हतनूरचे दरवाजे उघडले, ४१ दरवाजे आहेत त्याला. पाऊस त्यांचा, पूर आपला. हे सांगायला मग नकाशा लागला, म्हणून नकाशावर ठिपके केले, मुलताई, चांगदेव, हतनूर, आपला तालुका आणि शेवटी सुरत. पोरांनी बोटानं नदी पूर्वेकडून पश्चिमेकडं नेली. ७२४ किलोमीटरची नदी एका दुपारी झाली, आणि चौथीच्या एका पोरानं सगळ्या ठिपक्यांमधे हतनूरच्या ठिपक्यात आवाज टाकायचा आग्रह धरला, धरणाचं पाणी पडताना जो आवाज येतो तो पाहिजे म्हणाला. तो आवाज मैत्रिणीच्या मिस्टरांनी मोबाईलवर आणून दिला.

आवाजाचं म्हणून वेगळं सांगते, कारण मला वाटतं आमच्यासारख्या शाळांना सगळ्यात जास्त फायदा त्याचाच आहे. ठिपक्यात मजकूर लिहिला की वाचणारी पोरंच पुढं येतात, बाकीची त्यांच्या तोंडाकडं बघतात. आवाज ठेवला की सगळे एकसारखे. म्हणून मी एकाच ठिपक्यात तेच वाक्य लिहून परत वाचून दाखवत नाही, एकतर लिहायचं नाहीतर ऐकवायचं. आणि ऐकवायचा तो आवाज माझा नको. घडाच्या ठिपक्यात गावातल्या एका आजोबांचा आवाज आहे, अहिराणीत, पूर्वी घड बैलगाडीतून कसे न्यायचे, खाली वर पानं कशी अंथरायचे. ते रेकॉर्ड करायला पोरंच गेली होती.

पावरा पोरांचं जरा जपून केलं. सुरुवातीला ती बोलत नव्हती, कारण अहिराणीवाली पोरं पावरी शब्दाला हसतात, हे आहे आमच्याकडं, लपवून काय करणार. मी वर्गासमोर बोलायला न लावता दोघी-तिघींना मोबाईल देऊन व्हरांड्यात पाठवलं, म्हणलं या ठिपक्याला तुमच्या घरी काय म्हणतात आणि त्याचं काय करतात ते बोलून आणा. आणलं. मग फोटोतला ठिपका दाबला आणि टीव्हीच्या स्पीकरमधून पावरी आली, मोठ्यानं. वर्ग गप्प झाला आणि मग एकानं विचारलं "परत लाव, काय म्हणाली ती?" आणि सांगणारी तीच. आता आमच्या केळीच्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला तीन नावं आहेत, पुस्तकातलं, अहिराणी आणि पावरी. पावरी शब्द देवनागरीत लिहायला मला त्यांचीच मदत लागते, आणि ती मदत मागताना त्या पोरींची मान जी वर होते त्याच्यासाठी मी हे सगळं परत करीन.

लाइटचं काय, हे सगळ्याच विचारतात. लाइट जाते. खास करून उन्हाळ्यात सकाळची शाळा असली तरी जाते. म्हणून प्रत्येक फोटोची एक रंगीत मोठी प्रिंट काढून पुठ्ठ्यावर लावलीय आणि त्यावर टिकल्या लावल्यात. हो, कपाळाच्या टिकल्या, पाकीट दहा रुपयाला मिळतं आणि काढून परत दुसरीकडं लावता येतात. टिकलीला नंबर, आणि नंबरप्रमाणे मागं उत्तराचं कार्ड. नियम तोच, आधी बोला, मग कार्ड उलटा. सुरुवातीला ही लाइट गेल्यावरची सोय होती, पण आता उलटं झालंय, आता नवीन फोटो आला की आधी टिकल्यांवरच काम होतं. गटाला प्रिंट आणि पाच टिकल्या द्यायच्या, पाचच, आणि सांगायचं ठिपके कुठं लावायचे ते तुम्ही ठरवा. मग जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात. "तठे नही, आठे लाव." का? "तठे बठ्ठासले माहीत शे." म्हणजे जे सगळ्यांना माहीतच आहे तिथं टिकली वाया कशाला घालवायची. चौथीतलं पोरगं स्वतःहून ठरवतंय की कुठल्या गोष्टीला प्रश्न विचारण्यासारखा आहे. शिक्षक म्हणून मला अजून काय पाहिजे.

दोन वर्ग एका खोलीत असल्यामुळं याचा एक वापर मला रोजचा झालाय. तिसरीचा गट लॅपटॉपभोवती बसून ठिपक्यांवर बोलतोय, तेवढ्यात मी चौथीला भागाकार घेते, मग अदलाबदल. तिसरीचा आवाज होतो, होऊ दे. चौथीच्या गणितासाठी मग आठवडे बाजाराचा फोटो केला, भाज्यांच्या ढिगांवर ठिपके आणि आत भाव, वांगी, मिरची, लसूण. पोरांनी ठरवायचं की शंभर रुपयात काय काय घ्यायचं. भरताची वांगी बघून सगळ्यांनी पहिले पैसे तिथंच घातले, जळगावच्या भरीताच्या वांग्यालापण मानांकन आहे हे सांगितल्यावर तर विचारूच नका. पहिली-दुसरीसाठी सरांनी दुकानांच्या पाट्यांचे फोटो घेतले आणि फाइंड द हॉटस्पॉट मधे "क कुठं आहे दाखवा" असं केलं, तेही चाललं, पण ते मी स्वतः फार घेतलेलं नाही म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

कशाला उपयोग नाही तेही सांगते. कविता शिकवताना ठिपके नकोत, चाल तुटते. ज्या वस्तू हातात देता येतात, पान, बी, माती, त्यांचा फोटो दाखवू नका, वस्तूच द्या, फोटो फक्त जे वर्गात येत नाही त्याच्यासाठी, नदीचा पूर, धरण, तीन महिन्यांत मोठा होणारा घड. आणि गुण देण्यासाठी वापरू नका. एच-फाइव्ह-पी मधे बरोबर-चूक, गुण असं सगळं आहे, मी बंदच ठेवते. गुण दिसायला लागले की बोलणारी पोरं परत गप्प होतात, त्यांना चुकायचं नसतं.

मूल्यमापन विचाराल तर मी एवढंच करते, महिन्याअखेरीला एक असा फोटो देते ज्यावर एकही ठिपका नाही, आणि सांगते याच्यावर लिहा किंवा बोला. पूर्वी "झाड, माणूस, बैल" यायचं. आता "माणूस घड खांद्यावर घेतोय, खांद्यावर गोधडीचा तुकडा ठेवलाय कारण डाग पडतो आणि घड घासला तर काळा पडतो" असं येतं. सगळ्यांचं येत नाही. पण ज्यांचं येतं त्यांच्यात हजेरीला हळू बोलणारी ती पोरगी आहे.

केंद्रातल्या ज्या शाळांना फाइली पाहिजेत त्यांना मी पेन ड्राइव्हवर देते, पण लुमीची मूळ फाइल देते, म्हणजे उघडून बदलता येईल अशी. कृपा करून फोटो बदला. जिथं केळी नाही, कापूस आहे, तिथं कापसाचं बोंड घ्या, साक्रीकडं असाल तर कांद्याची चाळ घ्या, नंदुरबारकडं असाल तर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारी घ्या, लाल जमीन दिसते पार दूरपर्यंत, काय सुंदर फोटो होईल तो. माझ्या बागेतल्या आजोबांचा आवाज तुमच्या पोरांच्या काय कामाचा, तुमच्या गावात आजोबा आहेत.

सध्या आमच्या वर्गात भोंगऱ्या बाजाराची तयारी चालू आहे. होळीच्या आधी सातपुड्यातल्या गावांमधे भरतो तो, पावरा पोरं वर्षभर त्याचीच वाट बघतात, ढोल, बासरी, चांदीचे दागिने, गोड हार-कंगन सगळं असतं. फोटो या वेळी मी काढणार नाही, पावरा पोरांच्या घरचेच काढून देणार आहेत, त्यांना कुणाचा काढायचा आणि कुणाचा नाही ते बरोबर कळतं. टिकल्यांची पाकिटं आणून ठेवलीत. ढोलावर ठिपका ठेवायचा की ढोल वाजवणाऱ्याच्या पायातल्या घुंगरावर, यावर गटात अजून एकमत नाही.